काट्यावर शिक्काच नाही (5 पैकी 2 तारे)

नातीची दहावी झाली म्हणून सुनेने तिची व्यक्तिमत्त्व चाचणी ठरवली. 3500 रुपये. एसी हॉल, चहा उत्तम (दोन तारे त्याचेच). "आजोबा, एकावर एक फ्री आहे, तुम्हीपण भरा," म्हणाले. भरली. मी वैधमापन खात्यात, म्हणजे दुकानांचे काटे-वजनं तपासून शिक्का मारणाऱ्या खात्यात, 31 वर्षं निरीक्षक होतो. मोजमाप म्हटलं की हात शिवशिवतात.

90 प्रश्न, नुसतं हो किंवा नाही. त्यात एक, 'मी पार्टीचा प्राण आहे.' नात म्हणाली, "आबा, हे काय?" म्हटलं, ठोक हो. एकही उलटा प्रश्न नाही. 'मला माणसांत करमतं' विचारलंत, तर पुढे कुठेतरी 'चारचौघांत मी गप्प असतो' हेही हवं. नाहीतर कंटाळून सगळ्याला हो म्हणणारा सर्वगुणसंपन्न ठरतो.

अहवाल 24 पानी, रंगीत. मी बहिर्मुख! तीन आठवड्यांनी पदरचे पैसे भरून पुन्हा दिली, तर अंतर्मुख. आकडे बघितले, 52 चे 48 झालेले. चार गुण इकडेतिकडे चालायचेच. पण बरोबर 50 वर रेघ मारून माणसांच्या दोन पेट्या केल्या, तर काठावरचे दर खेपेला पेटी बदलणार. आणि बहुतेक माणसं मधेच असतात.

समुपदेशक बाईंना विचारलं, विश्वासार्हता किती, तुलना कुणाशी करता? "सर, सॉफ्टवेअर परदेशी आहे." अहो, काटा जर्मनीचा असला तरी पडताळणी इथेच होते ना!

पान 7 वर होतं, 'वरून तुम्ही शिस्तीचे, आतून मात्र काळजी करणारे.' सकाळच्या फिरायच्या मंडळींना एकेकट्याला गाठून, "तुझं आलंय," म्हणून वाचून दाखवलं. चौघंही म्हणाले, अगदी माझंच! फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हा खेळ 39 विद्यार्थ्यांवर करून 1949 साली छापलाय. सगळ्यांना एकच मजकूर दिला, त्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4 च्या वर गुण दिले. पान 7 चं वाक्यही त्याच्याच यादीतलं निघालं.

मग घरी गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या प्रश्नसंग्रहावरची 120 प्रश्नांची चाचणी भरली. इंग्रजीत आहे, पण फुकट. प्रश्न, गुण देण्याची रीत, सगळं उघड. पेट्या नाहीत, पाच स्वभावगुणांवर तुम्ही इतरांच्या मानाने कुठे, एवढंच. महिन्याने पुन्हा भरली, आकडे जेमतेम हलले.

तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. पूर्वी एक दुकानदार पकडला होता, त्याचं किलोचं वजन 950 ग्रॅमचं. दहा वेळा तोला, दहाही वेळा 950. म्हणून तेच प्रश्न हिला माझ्याबद्दल भरायला लावले. 'आवराआवर करायला आवडतं' याला मी स्वतःला 5 दिले होते. हिने 2.

कशावरून, विचारलं. तिने नुसतं जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यावर दोन्ही अहवाल, तीन पेनं आणि माझा ओला टॉवेल होता.