ॲकूस्टिक गिटारला कोणता पिकअप? आधी शेजारी काय वाजणार ते सांगा

घरी पलंगावर बसून वाजवली की गिटार कशी भरदार लागते. तीच गिटार जॅक लावून स्पीकरमधून ऐकली की पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडल्यासारखी. पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, खोट गिटारमध्येच आहे. पुढची काही वर्षं साउंडवाल्यांना बोल लावला. पिकअप म्हणजे तारांची किंवा लाकडाची थरथर विजेत बदलून जॅककडे पाठवणारा भाग. आता कुणी "पिकअप बदलायचाय, कोणता घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "शेजारी काय वाजणार आहे?"

कारण खोलीत जो पिकअप सगळ्यात खरा वाटतो, तोच आवाज वाढवल्यावर सगळ्यात आधी घुमायला लागतो. लाकडाची थरथर जितकी स्पीकरपर्यंत न्याल, तितकाच स्पीकरचा आवाज त्याच लाकडातून परत आत शिरतो. हा व्यवहार कुठल्याच कंपनीला चुकवता आलेला नाही.

दुसरं म्हणजे, आपल्याला ऐकू येणारा आवाज आणि श्रोत्यांना ऐकू येणारा आवाज एक नव्हे. आपला कान गिटारच्या वर असतो, श्रोता समोर. एकदा मित्राच्या हातात स्वतःची गिटार द्या आणि दोन-तीन मीटरवर सतरंजीवर बसून ऐका. पुढची सगळी तुलना त्या आवाजाशी करायची.

सॅडलखालची पट्टी

दुकानात 'सेमी ॲकूस्टिक' म्हणून जी गिटार मिळते, तिच्यात नव्वद टक्के वेळा हीच असते: सॅडल, म्हणजे खोक्यावर तारा जिच्यावर टेकतात ती कड, तिच्या खाली खाचेत बसवलेली पिझोची पातळ पट्टी. पिझो म्हणजे दाब पडला की वीज निर्माण करणारा पदार्थ. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० मध्ये दाखवून दिला. गिटारमध्ये तो रुजवला अमेरिकेच्या ओव्हेशनने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. कंपनीचे संस्थापक चार्ल्स कामन हे मुळात हेलिकॉप्टर बनवणारे, त्यामुळे कंपनं कशी मोजायची आणि कशी दाबायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पट्टीचा गुण आणि दोष एकाच जागी आहे. ती तार आणि लाकूड यांच्यामध्ये चेपलेली असते, त्यामुळे तारेचा झटका तिला थेट कळतो. खोक्यातली हवा आणि वरच्या फळीची थरथर मात्र तिच्यापर्यंत फारशी पोचत नाही. बोटाने हळू वाजवा, छान. जोरात स्ट्रमिंग केलंत की प्रत्येक फटक्याच्या तोंडाशी बदकासारखा 'क्वॅक' येतो. बऱ्याचदा तो पट्टीचाही नसतो. झटका एवढा मोठा असतो की आतल्या प्रीॲम्पला, म्हणजे पिकअपचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या सर्किटला, तो पेलत नाही आणि आवाजाचं टोक छाटलं जातं. नऊ व्होल्टची बॅटरी उतरत आली असेल तर हे लवकर होतं. जॅक आत खुपसला की प्रीॲम्प चालू होतो, म्हणून रात्रभर केबल लावून ठेवली की सकाळी बॅटरी मेलेली. हे मला कार्यक्रमाच्या दिवशी कळलं होतं.

पण खरा घोटाळा प्रीॲम्प नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह पट्टीचा. विजेच्या दृष्टीने पिझो हा एक छोटा कपॅसिटर आहे. समजा तो १ नॅनोफॅराडचा आहे आणि तुम्ही तो मिक्सरच्या १० किलोओहमच्या (ओहम म्हणजे इनपुटचा विजेला होणारा अडथळा) लाइन इनपुटला सरळ जोडलात. गणित केलं तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं घसरायला लागतं. १ मेगओहमच्या इनपुटला हीच सीमा १६० हर्ट्झवर येते, १० मेगओहमला १६ हर्ट्झवर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे मिक्सरला थेट लावलेली पॅसिव्ह पट्टी पातळ आणि कर्कश वाजणारच, मग ट्रेबल कितीही कमी करा. हॉलमध्ये मिळणारा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्ससुद्धा (गिटार आणि मिक्सर यांच्यामधला जोडडबा) इथे कामाचा नाही, त्याचा इनपुट साधारण शे-दीडशे किलोओहमचाच असतो.

म्हणून माझा पहिला सल्ला पिकअप बदलू नका हाच असतो. आधी कुणाकडून तरी पिझोसाठीचा, १ ते १० मेगओहम इनपुटचा प्रीॲम्प उसना आणा आणि तासभर वाजवून पाहा. एलआर बॅग्जचा पॅरा डीआय हा या जातीचा जुना, भरवशाचा डबा. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या लोकांचा पिकअप बदलायचा विचार इथेच थांबला. गिटारच्या कडेला नॉब आणि बॅटरीची खण असेल तर इनपुटचा प्रश्न आतच सुटलेला असतो. मग बाहेरचा डबा उपयोगी पडतो तो आवाज कोरायला.

पट्टी नवीन बसवून घेणार असाल तर कारागिराला दोन गोष्टी सांगा. पट्टीच्या जाडीइतकं सॅडल खालून घासायचं, नाहीतर ॲक्शन, म्हणजे फ्रेटवरची तारांची उंची, वर येते. आणि खाचेचा तळ व सॅडलची खालची कड आरशासारखी सपाट पाहिजे. एका जागी केसभर फट राहिली की बी तार मेल्यासारखी वाजते आणि शेजारची जी कानात घुसते. आपल्याकडे पावसाळ्यात फळी फुगून ॲक्शन वर येतेच. तेव्हा घाईने सॅडल घासलं की हिवाळ्यात तारा खडखडतात आणि पट्टीचा तोलही गेलेला असतो. ऑक्टोबरपर्यंत कळ काढा.

ब्रिजच्या पोटातल्या चकत्या

के अँड केची प्युअर मिनी ही यातली सगळ्यांच्या ओळखीची. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशा तीन चकत्या, ब्रिजखाली (सॅडल ज्या लाकडी ठोकळ्यात बसतं तो) आतल्या बाजूने जी लाकडी पट्टी असते तिला चिकटवायच्या. इथेही पिझोच, पण ती तारेखाली चेपलेली नसते, फळीबरोबर थरथरते. त्यामुळे झटका मऊ होतो आणि लाकूड ऐकू येतं. बॅटरी नाही, प्रीॲम्प नाही, आवाज दणकट. १ मेगओहमचा इनपुट तिला पुरतो.

बसवणं मात्र हाताच्या कसबाचं. सगळ्या तारा काढून साउंडहोलमधून मनगटापर्यंत हात आत घालायचा, बोटाच्या टोकावर उलट्या बाजूने चिकटवलेल्या टेपवर चकती, चकतीवर सुपरग्लूच्या जेलचा थेंब. सॅडलच्या रेषेत, पहिल्या-दुसऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आणि पाचव्या-सहाव्या तारांच्या मध्ये एकेक. जेल धरायला लागलं की चकती सरकत नाही. माझी एक थोडी तिरकी बसली आहे आणि त्या बाजूच्या तारा आजही किंचित दबक्या आहेत. शिवाय शेपटाकडची पट्ट्याची खुंटी काढून तिथलं भोक १२ मिलिमीटरच्या आसपास मोठं करावं लागतं. जुनी, महागडी गिटार असेल तर हे काम स्वतः करू नका.

आवाज उबदार, कधीकधी फारच. दोनशे हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं नाही तर गिटार कांबळं पांघरून बसल्यासारखी वाटते. आणि फळीवरच बसलेली असल्यामुळे ती घुमतेही पट्टीपेक्षा लवकर. तबला-हार्मोनियमच्या मैफलीत, सुगम संगीतात मला हिच्याइतकं समाधान कशानेच दिलं नाही. ड्रमसेटच्या शेजारी मी ती नेणार नाही.

साउंडहोलमधलं मॅग्नेट

इलेक्ट्रिक गिटारसारखा चुंबकाचा पिकअप, भोकात आडवा अडकवायचा. बसवायला पाच मिनिटं, काढायला दोन. क्वॅक नाही, आवाज गोल आणि जाड, आणि घुमण्याला सहज दाद देत नाही. पण चुंबकाला फक्त पोलाद दिसतं. ब्राँझ तारेत पोलादाचा गाभाच तेवढा त्याच्या कामाचा, वरचं वेटोळं नाही. म्हणून वरच्या दोन साध्या तारा ओरडतात आणि खालच्या मागे राहतात. पोलचे स्क्रू वरखाली करून हे बरंच जमवता येतं. नायलॉनच्या तारांना हा पिकअप बहिराच.

याचा आवाज 'नैसर्गिक' नाही, असं मी म्हणेन. इलेक्ट्रिककडे झुकतोच. तरी मायकेल हेजेससारख्या अमेरिकन गिटारवादकाने सनराइज कंपनीचं मॅग्नेट वापरून स्वतःचा वेगळाच आवाज उभा केला. तिथे खोक्याच्या हुबेहूब नकलेची कुणाला पडली होती? एलआर बॅग्जच्या एम१ मध्ये थोडी युक्ती आहे. त्याची एक कॉइल फळीबरोबर हलू शकते, त्यामुळे खोक्यावरची थाप आणि थोडं लाकूडही त्यात येतं.

सरळ माइक

आवाजाचा खरेपणा हवा तर माइकला तोड नाही. पेन्सिलसारखा छोटा कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज), बाराव्या फ्रेटपासून ते गळा खोक्याला मिळतो तिथपर्यंत कुठेतरी रोखलेला, वीतभर अंतरावर. भोकासमोर धरू नका, तिथे नुसता बेसचा भपकारा. शुअरचा एसएम५७ असला तरी चालतं, फक्त जवळ बसावं लागतं.

एका भावगीतांच्या कार्यक्रमात मी हट्टाने कंडेन्सर लावला होता. डावीकडे हातभर अंतरावर ढोलकी. पहिल्याच गाण्यात साउंडवाल्याने गिटारचा फेडर (आवाजाची सरकती कळ) वर केला आणि हॉलभर ढोलकीच मोठी झाली. फेडर खाली केला की मी गायब. मध्यंतरात निमूटपणे जॅक लावला. माइकला गिटार आणि ढोलकी यांतला फरक कळत नाही, त्याला अंतर कळतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, एवढंच त्याचं ज्ञान. शिवाय तुम्ही रंगात येऊन चार बोटं मागे सरकलात की बेस पातळ होतो. शांत बसून वाजवणाऱ्याचं हे साधन आहे.

दोन्हींची मोट

गिटारच्या आत छोटा माइक आणि सॅडलखाली पट्टी, असा जोडसंच येतो. एलआर बॅग्जच्या अँथममध्ये साधारण २५० हर्ट्झच्या खालचं काम पट्टी करते आणि वरचं माइक. घुमण्याचा धोका खालच्या सुरांत जास्त, म्हणून ही विभागणी शहाणपणाची. गोंगाटाच्या जागी चाक फिरवून पट्टीकडे झुकता येतं. पैसे असतील आणि एकाच गिटारवर कॅफे ते हॉल सगळं करायचं असेल तर मी याचंच नाव घेईन.

दुसरा रस्ता आयआरचा, म्हणजे 'इम्पल्स रिस्पॉन्स'चा: गिटारच्या आवाजाचा साचा. गिटार एकदा चांगल्या माइकसमोर आणि त्याच वेळी पिकअपमधून वाजवायची. दोन आवाजांतला फरक यंत्र शिकतं आणि पुढे पिकअपच्या आवाजावर तेवढा साज चढवतं. टोनडेक्स्टर हे असं शिकणारं यंत्र, तुमच्याच गिटारचा साचा बनवतं. फिशमनचा ऑरा आणि एनयूएक्सचा ऑप्टिमा एअर तयार साचेही देतात. परक्या गिटारचा साचा आपल्या गिटारवर कधी बेमालूम बसतो, कधी उसना कोट घातल्यासारखा लोंबतो. पूर्ण चढवू नका, मूळ आवाजात निम्मा मिसळा.

मग घ्यायचं काय?

कॅफेत एकटे गाणार असाल, लोक ऐकायला आलेले असतील, तर चकत्या किंवा जोडसंच. घरून रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओच करायचे असतील तर पिकअपवर पैसे घालूच नका, माइक घ्या आणि पंखा बंद करा. तबला-ढोलकीसोबत असाल तर चकत्या आणि चांगला प्रीॲम्प. पूर्ण बँड, ड्रम, बेस गिटार असेल तर पट्टी किंवा मॅग्नेट. तिथे खोक्याचा आवाज शोधायला कुणी बसलेलं नसतं. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, गिटार उलट जास्त स्पष्ट ऐकू येईल. गणपतीच्या मांडवात पट्टीच, आणि वर भोकाला रबरी झाकण.

ते झाकण दोन-चारशेत येतं आणि हजारोंचं काम करतं. ड्रेडनॉट या मोठ्या, रुंद आकाराच्या खोक्यातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. जी कॉर्डचा खालचा जी, सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, ९८ हर्ट्झचा. म्हणून जी धरला की नेमकं घों होतं आणि सगळे साउंडवाल्याकडे वळून बघतात. भोक बुजवलं की ती हवाच शांत होते. प्रीॲम्पवर फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असेल तर तेही दोन्हीकडे दाबून पाहा. ज्या बाजूला घुमणं कमी, ती तुमची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉलमध्ये उलटी असू शकते.

ॲम्प घ्यायचा तर ॲकूस्टिकचाच. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं सोडतच नाही आणि तारांची चमक तर तिथेच असते. नव्या कोऱ्या तारा मात्र कार्यक्रमाच्या दिवशी लावू नका. पिझोला त्यांचा चरचराट फार आवडतो. आठवडाभर वाजवलेल्या तारा त्याच पट्टीवर निम्म्याने शहाण्या वागतात.

माझ्याकडे सध्या दोन गिटारी आहेत. चकत्यांची मैफलींसाठी, पट्टीची बाकी सगळ्यासाठी. दोघींना मिळून एकच प्रीॲम्प. पिशवीच्या पुढच्या कप्प्यात रबरी झाकण आणि नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यातली एक नवी आहे याची खात्री घराबाहेर पडताना जिभेला लावून करतो.