प्रोजेक्टर, लाइटची पट्टी आणि ठिपक्यांची वही: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या जुलैत आमच्या घरी तीन वस्तू आल्या. चौदा हजारांचा एक छोटा प्रोजेक्टर, साडेतीन हजारांची चित्र काढायची पाटी (पडदा नसलेली, कॉम्प्युटरला जोडायची) आणि रंग बदलणाऱ्या एलईडीची पाच मीटरची पट्टी, कंट्रोलर आणि पॉवर सप्लायसकट अठ्ठावीसशेला. तिन्ही घ्यायचं निमित्त एकच, गणपतीची आरास. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर दर वर्षी नवा अवतार घेतंय. पुठ्ठा झाला, साड्या झाल्या, बांबूच्या चटया झाल्या. दर वर्षी ते उतरवून माळ्यावर कोंबायचं आणि पुढच्या वर्षी उंदरांनी कुठे कुरतडलंय ते बघत बसायचं. म्हटलं, यंदा उजेडाचंच मखर करू. टाकायला काही नको, ठेवायला काही नको.

तेव्हापासून गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांत आणि आता पाडवा झाला. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर प्रोजेक्टरला पाच तारे दिले असते. बरं झालं लिहिलं नाही.

प्रोजेक्टरची पहिली चूक माझीच. खोक्यावर लुमेनचा (उजेडाच्या मापाचा) हजारातला आकडा ठसठशीत छापला होता. आतल्या कागदावर बारीक अक्षरात 300 एएनएसआय लुमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले. खरा धरायचा तो हा दुसरा आकडा, आणि 300 म्हणजे काय तर पडदे ओढून, दिवे मालवून, मीटरभर रुंदीचं चित्र. मी महिनाभर रात्री जागून काम केलं आणि चाचण्याही रात्रीच घेतल्या. झेंडूच्या पाकळ्या एकेक करून उमलतात, मग वेल चढते, मग दोन्ही बाजूंना मोर येतात. घरच्यांना दाखवलं तर सगळे गप्पच झाले. मी खूश.

27 ऑगस्टला चतुर्थी. गणपतीची पूजा मध्यान्हीची. आमचा हॉल दक्षिणेकडे उघडा, बाल्कनीतून भरपूर ऊन. गुरुजी आले, प्राणप्रतिष्ठा झाली, आणि मूर्तीच्या मागे होतं ते पांढरं कोरं कापड. नीट डोळे बारीक केले तर मोराची मान दिसल्यासारखी वाटायची. दीर म्हणाले, "वहिनी, यंदा एकदम साधी सजावट केलीत, छान वाटतंय." महिनाभरात एकदाही दुपारी लावून बघायचं मला सुचलं नव्हतं!

संध्याकाळी दिवे घालवले आणि मोर दिसले. पण आरतीला वीस माणसं उभी राहिली आणि प्रोजेक्टर त्यांच्या मागे स्टुलावर. बाप्पाच्या डोक्यावर वीस जणांच्या सावल्या, त्यात झांजा वाजवणारे हात, आणि पुढे बसलेल्या पोरांनी दुसऱ्या कडव्यापर्यंत सावल्यांचे ससे करायला सुरुवात केलेली. मंत्रपुष्पांजलीला एकाने कुत्रा केला.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर मखराच्या मागे नेला, म्हणजे पातळ कापडावर पाठीमागून चित्र. सावल्यांवर हा पक्का उपाय आहे, पण त्याला जागा लागते. माझ्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो 1.2, म्हणजे एक मीटर रुंद चित्रासाठी सव्वा मीटर अंतर. तेवढं टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. सोफा बेडरूममध्ये गेला आणि पाहुणे सतरंजीवर आले. चित्र आरशातल्यासारखं उलटवून घ्यावं लागतं हे मी विसरले होते, त्यामुळे सकाळभर 'श्री' उलटा होता. ते कोणी बोललं नाही, की दुपारच्या उजेडात दिसलंच नाही, देव जाणे. पातळ कापडातून प्रोजेक्टरची भिंग जिथे असते तिथे एक झगझगीत ठिपका दिसतो. हा खरं तर दोष. पण माझ्याकडे तो नेमका मूर्तीच्या मस्तकामागे आला आणि तीन पाहुण्यांनी "प्रभावळ काय सुंदर केलीय" म्हटलं. मी "हो, जरा मेहनत घेतली" म्हणाले.

पंख्याचा आवाज आरतीत कळत नाही, अथर्वशीर्षाला मात्र चांगलाच कळतो. आणि उदबत्ती-कापराच्या धुराने भिंगेवर चिकट थर बसतो, चष्म्याच्या फडक्याने रोज पुसावा लागला. हे कोणत्याच माहितीपत्रकात नसतं. तिथे गृहीत धरलेलं असतं की तुम्ही सिनेमा बघणार.

31 ऑगस्टला गौरी आल्या. मी रंगांचा खेळ जरा वाढवला होता, त्यात एक निळी झाक मुखवट्यांवर पडत होती. सासूबाई शेवंतीच्या वेण्या घेऊन आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, माहेरपणाला आल्यात त्या. थंडीने काकडल्यासारख्या काय दिसतायत?" मग त्यांनीच उठून बटण बंद केलं आणि दोन्ही बाजूंच्या समया लावल्या. अंधार प्रोजेक्टरलाही हवा होता आणि समईलाही. दोघांचं एका कोपऱ्यात जमत नाही, आणि त्या दिवशी कोण राहणार यावर चर्चा झाली नाही. 2 सप्टेंबरला गौरींबरोबर गणपती गेले, तोपर्यंत प्रोजेक्टर कपाटात गेलेला होता.

एलईडीच्या पट्टीबद्दल मात्र भरभरून लिहायचंय, कारण इथे चुका करूनही शेवटी जमलं. ही साधी तोरणाची माळ नव्हे. डब्ल्यूएस 2812 बी जातीच्या पट्टीत प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते, त्यामुळे प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो. माझ्या पट्टीत मीटरला 60, म्हणजे एकूण 300 दिवे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर साधारण 60 मिलिअँपिअर घेतो. 300 चे झाले 18 अँपिअर, 5 व्होल्टवर. मोबाइलच्या चार्जरवर हे चालत नाही. मी चालवून बघितलं, चार्जर हातात धरवेना. नीट पॉवर सप्लाय घ्या आणि तारा जाड घ्या.

पट्टीच्या एकाच टोकाला वीज दिली तर दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज पडतं. निळा दिवा आधी मान टाकतो, लाल शेवटपर्यंत टिकतो, म्हणून पांढरा लावला तरी शेवटचा मीटर केशरट दिसतो. दोन्ही टोकांना वीज जोडली की प्रश्न सुटतो. दुसरी खोड म्हणजे संदेश एका दिव्यातून पुढच्या दिव्यात जातो. मधला एक मेला की पुढचे सगळे आंधळे. आमचा 112 वा दिवा धनत्रयोदशीला गेला. तेवढा तुकडा कापून सोल्डर करेपर्यंत (डाख देऊन जोडेपर्यंत) आकाशकंदील अर्धाच हसत होता. सोल्डरिंग येत नसेल तर 12 व्होल्टची डब्ल्यूएस 2815 पट्टी बघा, तिच्यात संदेशाची जादा तार असते आणि एखादा दिवा गेला तरी पुढचे चालतात.

कंट्रोलर म्हणून ईएसपी 32 चा बोर्ड (वायफाय असलेली छोटी चिप) आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवायचं फुकट, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. वायफाय जोडताना अडकलात तर राउटर बघा. हा बोर्ड वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच बोलतो, माझ्या फोनला 5 गिगाहर्ट्झवाल्यावर ठेवून मी दोन तास बोर्डाला शिव्या घातल्या. एकूण किती वीज ओढायची याची मर्यादा त्यात घालता येते, ती आधी घाला, मग रंग खेळा. सूर्यास्ताला आपोआप लागेल असं वेळापत्रकही लावता येतं. दिवाळीत ऑफिसातून यायला उशीर व्हायचा तरी कंदील वेळेवर लागलेला असायचा. शेजारचे काका रोज विचारायचे, "घरात कोण आहे?"

रंगांचे शंभरावर तयार परिणाम आहेत आणि पहिले दोन दिवस माणूस सगळे लावून बघतो. पळणारं इंद्रधनुष्य कंदिलात लावलं तेव्हा आमचं दार लग्नाच्या हॉलसारखं दिसत होतं. शेवटी ठरलं ते असं: मंद केशरी, आणि ज्योत हलावी तसा किंचित हेलकावा. पाव उजेडावर. तीच सेटिंग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खिडकीत आणि परवा पाडव्याला गुढीच्या पाटाभोवती वापरली. नऊ महिन्यांत बदललेली नाही.

एक सूचना. लेझर आणि असले दिवे एकच आहेत असं समजून कोणी लेझर बीम मागवत असेल तर नको. त्याने डोळ्यांना इजा होऊ शकते. पुण्यात पोलिसांनी 2024 च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली ती उगाच नाही.

आता पाटी. तिघांत स्वस्तात दुसरी आणि वापरात पहिली. पडदा नसल्यामुळे हात खाली चालतो आणि डोळे वर बघतात. पहिले तीन आठवडे माझी रेघ बालवाडीतली होती. मग एका सकाळी हात आपोआप बरोबर गेला आणि त्यानंतर कधी चुकला नाही. पेनाला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. निब झिजते, सोबत आल्या होत्या त्यांतल्या दोन संपल्या. चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा, तेही फुकट. त्यात एक रेघ काढली की तिच्या सहा किंवा आठ प्रती गोलात आपोआप उमटतात असं साधन आहे. रांगोळीवाल्या माणसाच्या हातात ते दिलं की माणूस जेवायला उठत नाही.

सासूबाईंकडे ठिपक्यांच्या रांगोळ्यांची एक वही आहे, लग्नाआधीपासूनची. पानं पिवळी, काहींवर तेलाचे डाग. "15 ते 8", "9 ते 5" असे मथळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधल्या ओळीत 15 ठिपके, वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत 8 पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. सुरेख षटकोन तयार होतो, 169 ठिपक्यांचा. मी ती वही स्कॅन केली आणि रोज रात्री एकेक रांगोळी पाटीवर पुन्हा काढायला घेतली. त्या शेजारी बसून सांगायच्या, "ही रेघ तिकडून नाही, इकडून वळव. तिथे हात उचलायचा नाही." नुसत्या स्कॅनमध्ये ते दिसलं नसतं. कागदावर रेघा होत्या, हाताची वाट नव्हती. 64 झाल्या आहेत, वही अजून अर्धी बाकी आहे.

वसुबारसेला प्रोजेक्टरला दुसरी संधी दिली. गेरू सारवलेल्या उंबऱ्यावर 169 ठिपके वरून उजेडाने पाडायचे आणि हाताने रांगोळी घालायची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, ठिपके मोजत सरकायचं त्यांना होत नाही, म्हणून माझी ही युक्ती. प्रोजेक्टर चपलांच्या कपाटावर तिरका बांधला. तिरका असल्यामुळे पलीकडचे ठिपके पसरले, अलीकडचे दाटले. षटकोन अंड्यासारखा झाला. तो दुरुस्त करणारी सोय आहे, कोपरे ओढून आकार सरळ करता येतो, पण त्यात चित्र लहान आणि पुसट होतं. अर्धा तास माझं हे चाललेलं बघून त्या आत गेल्या आणि जुना वर्तमानपत्राचा कागद घेऊन आल्या. उदबत्तीने भोकं पाडलेला. गेरूवर टाकला, वर रांगोळीची मूठ फिरवली, कागद उचलला. 169 ठिपके, एकही वाकडा नाही.

"तुझ्या यंत्राला किती पडले म्हणालीस?"

मी आकडा पुन्हा सांगितला नाही. पण त्या कागदाची भोकं आता फाटायला आली होती, तर मी क्रिटात नेमक्या अंतराचे ठिपके काढून मोठ्या कागदावर छापून आणले आणि त्यांनी त्यावर नव्याने उदबत्ती चालवली. असे चार कागद झाले, वेगवेगळ्या मापांचे. सोसायटीतल्या तिघी मागून घेऊन गेल्या. एक अजून परत आलेला नाही.

शुभेच्छापत्रांचंही सांगते. एआयकडून गणपतीचं चित्र करून घ्यायचा मोह दोनदा झाला. एकदा दोन्ही दात अखंड, म्हणजे एकदंत हे नावच रद्द. दुसऱ्यांदा हात चार होते पण एकाला बोटं सहा, आणि खाली "शुभेच्छा"ऐवजी कुठल्याच लिपीत न बसणारं काहीतरी. पाटीवर हाताने काढलेलं साधं जास्वंदीचं फूल पाठवलं. त्यालाच "कुठून डाउनलोड केलंस?" असे सात निरोप आले.

विकत घ्यायचं असेल त्यांच्यासाठी: पाटी घ्याच, आणि पहिले तीन आठवडे सोडू नका. पट्टी घ्या, पण सोल्डर करणारं कोणी ओळखीत असू द्या. प्रोजेक्टर, जर खोली मोठी आणि काळोखी असेल आणि घरात समई लावणारं कोणी नसेल, तर. आमचा भाच्याकडे गेलाय, तो गच्चीत क्रिकेट बघतो.

यंदाच्या मखराचं अजून ठरलेलं नाही. मागच्या वर्षीच्या मोरांची फाइल तशीच आहे, तीच पुन्हा लावू का विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "मागच्या वर्षीचेच मोदक वाढणारेस का?" वहीतलं 41 वं पान त्यांच्या डोक्यात आहे. जाड कागदावर छापून, भोकं पाडून, मागून ती केशरी पट्टी. उदबत्तीचे पुडे आणून ठेवलेत.