सोलरची लाईन: उघडी बरी की बंद?

कोकणात घरावर पाणी तापवायचं सोलर घ्यायचं ठरलं की चर्चा टाकीच्या लिटरवर आणि काचेच्या ट्यूबवर सुरू होते आणि तिथेच संपते. गरम टाकीची लाईन वर हवेला उघडी ठेवायची, की पंपाच्या दाबाखाली पूर्ण बंद, हे प्लंबर आयत्या वेळी त्याच्या सवयीप्रमाणे ठरवतो. हे आधी आपण ठरवलेलं बरं. आमच्या घरी उघडी आहे, गुहागरकडे थोरल्या भावाच्या घरी बंद. दोन्हीकडची पडझड बघून झाली आहे.

मुळात भानगड पाण्याच्या फुगण्याची. पंचवीस अंशांचं २०० लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलं की साधारण ५ लिटरनी वाढतं. या ५ लिटरना जागा द्यावीच लागते.

उघड्या पद्धतीत ती जागा म्हणजे गरम टाकीच्या डोक्यावरून सरळ वर गेलेला व्हेंट पाइप. तो थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर गेला पाहिजे, मध्ये तोटी नको, व्हॉल्व्ह नको. अट उंचीची आहे: थंड टाकीचा तळ गरम टाकीच्या वर आणि गरम टाकी न्हाणीघराच्या वर. स्लॅबचं घर असेल तर सोपं, पण कौलारू घरात हा मनोरा करायचा कुठे? लोखंडी अँगलचा स्टँड खाऱ्या वाऱ्यात दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे टाकायला लागतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे प्लास्टिकच्या टाक्या कुठल्या कुठे गेल्या. आम्ही मागच्या पडवीच्या स्लॅबवर चिऱ्याचा चौथरा बांधून घेतला. खर्च झाला, पण दर मे महिन्यात घासून रेड ऑक्साइड लावायचं काम वाचलं. दाब मात्र बेताचाच. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार मिळतो, तर दोन मीटरवरच्या टाकीकडून शॉवरने काय अपेक्षा करावी?

बंद पद्धतीत शॉवर झकास, वादच नाही. थंड टाकी जमिनीवर ठेवा, प्रेशर पंप लावा, कौलांवर फक्त पॅनेल आणि गरम टाकी. पण साध्या ट्यूबवाल्या सोलरची टाकी दाबासाठी केलेली नसते, त्यामुळे दाब सोसणारा प्रकारच घ्यावा लागतो. शिवाय गरम पाणी उलटं थंड लाईनीत जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आणि तो बसला की त्या ५ लिटरना पळायला वाट उरत नाही. म्हणून एक्स्पान्शन टँक: लोखंडी डबा, आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. आणि तोही हरला तर जादा दाबाला उघडून पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. थंड देशांत घर गरम ठेवणाऱ्या बंद लाईनींत हीच जोडी असते. तिथे लाईन थंड असताना एक-दीड बार दाब भरतात आणि व्हॉल्व्ह तीन बारला उघडतो. तिथे घरमालकाला प्रेशर गेज बघायची सवय असते.

माझा काटा इथेच फिरला. त्या डब्यातली हवा हळूहळू कमी होते. पुन्हा भरायची तर पाण्याची बाजू आधी मोकळी करून, मग सायकलच्या पंपाने भरून गेजवर बघायची. काम अवघड नाही, पण करणार कोण? भाऊ मुंबईला, घर उघडणार मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला. एरवी कुलूप. वापर नाही म्हटल्यावर उन्हात पाणी तापतच जातं, हवा गेलेला डबा काही सामावून घेत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दुपारचा टपटपायला लागतो. टपटपण्याचंच त्याचं काम आहे. पण शेजारच्या काकूंना ती गळती दिसली. भिंतीला ओल धरेल म्हणून त्यांनी काळजीने माणूस बोलावला आणि त्या भल्या माणसाने नळीच्या तोंडाला प्लग मारून दिला, म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटाच ठेवला. वहिनी गणपतीला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, “व्हॉल्व्हची गळती बंद झाली हो भावजी.” मी आधी ट्यूबवर गोणपाट टाकलं, मग प्लग काढला.

उघड्या पाइपचीही दुखणी आहेत, लपवत नाही. बंद घरात टाकीतलं पाणी वाफ होऊन आटलं आणि भर दुपारी कोरड्या तापलेल्या ट्यूबमध्ये थंड पाणी सोडलं तर काच तडकते. पाणी सकाळी उजाडताना भरायचं. पाइपचं तोंड खाली वळवून ठेवा आणि येताजाता बघा, कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात. मातीने पाइप बुजला तर उघडी लाईन नुसती नावाला उघडी, आणि टाकी रिकामी करताना हवा न मिळाल्याने पातळ पत्रा आत चेपतो. आणखी एक: उघड्या गरम लाईनीशेजारी थंड लाईन पंपावर घेऊ नका. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँड शॉवर बंद केला, की थंड पाणी मिक्सरमधून गरम टाकीत चढतं आणि रात्रभर व्हेंटमधून कौलांवर वाहत राहतं.

पावसाळ्यात लाईट गेली की बंद लाईनीचा दाबही जातो. इन्व्हर्टरवर पंप चालतो म्हणतात. आमच्याकडे तो प्रयोग झालेला नाही.

विहिरीला मचूळपणा असेल तर दोन्ही पद्धतींत स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पडतात. ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं स्टील मिळालं तर बघा.

घरात बारा महिने माणूस असेल, खोल्या पाहुण्यांना देत असाल आणि शॉवर नीट आला नाही म्हणून तक्रारी नको असतील, तर बंद लाईन घ्यायला माझी हरकत नाही. कुलपातलं घर असेल तर माझं मत उघडीकडेच झुकतं. तरी बंदच घ्यायची ठरली, तर बसवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: सेफ्टी व्हॉल्व्हची नळी कुठे सोडणार? ‘खाली, अंगणात दिसेल अशी, मध्ये तोटी न घालता’ असं म्हणाला तर काम द्या. ‘सोडायची कशाला, प्लग मारू’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.