स्लीव्ह सर्जरी: ऑपरेशन झकास, नंतरची सेवा काठावर पास

दीड वर्ष झालं वजन कमी करायला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी करून. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं म्हणून थांबले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी.

ऑपरेशनबद्दल तक्रार शून्य. आधी दोन आठवडे लिक्विड डाएट, त्याने लिव्हर आकसतं आणि सर्जनला आत काम करायला जागा मिळते. दुर्बिणीतून केलं, पोटावर पाच बारीक भोकं बस्स. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालायला लावलं, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून, तेव्हा मनातल्या मनात तिला भरपूर शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी 30 मिलीचा इवलासा कप पाणी हातात दिला आणि म्हणाली पंधरा मिनिटं लावा संपवायला. मला हसूच आलं, एका घोटाचं काम. अर्धा झाला आणि छातीत असं दाटून आलं की उरलेला तसाच ठेवला!

118 किलोवरून आज 81. शुगरची गोळी दोन महिन्यात बंद झाली. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन जिथे जास्त तयार होतं तोच भाग काढलेला असतो, त्यामुळे पहिले काही महिने जेवायची आठवण मोबाईलच्या अलार्मने करून द्यावी लागायची, माझ्यासारखीला! कंटाळा आला की फ्रीज उघडायची खोड मात्र आहे तशीच आहे.

आता हॉस्पिटल. नाव घेत नाही. ऑपरेशनआधी त्यांची कोऑर्डिनेटर दिवसाआड फोन करायची, ताई कधी येताय, ताई ठरलं का. डिस्चार्ज झाला आणि ताई गायब. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजकेच्या पुंजके यायला लागले, तीनदा फोन केला, दरवेळी एकच उत्तर, डाएटिशियन बदलल्यात, कळवतो. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी12 आणि लोह दोन्ही खाली. वजन भराभर उतरलं की केस गळतात आणि बहुतेक परत येतात, दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन लागतं, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, हे सगळं त्यांनीच समजावलं. हॉस्पिटलने गोळ्यांचं लिहिलं होतं, नाही असं नाही, डिस्चार्ज पेपरच्या मागच्या बाजूला एका ओळीत.

खरा राग आहे तो ॲसिडिटीचा. मला आधीपासून होती, फॉर्मवर लिहिली पण होती. स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि जास्त त्रास असलेल्यांना बरेचदा गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन) सुचवतात हे मला ऑपरेशननंतर दुसऱ्याच डॉक्टरकडून कळलं. आता उशीला उशी लावून झोपते.

स्टार म्हणाल तर सर्जनला पाच, नर्सना पाच, फॉलोअपला एक, आणि तो एक पण रिसेप्शनवरच्या त्या मुलीचा जिने जेवायची सुट्टी सोडून माझी जुनी फाईल शोधून दिली.