घर सोडण्याआधी पैसे कुठे साठवावेत: पोस्ट, बँक, भिशी की मैत्रिणीकडची रोख?

मारहाणीच्या घरातून बाहेर पडायचं मनात पक्कं झालं की पहिली अडचण पैशाची येते. पुण्यात साधी कॉट बेसिसवर जागा घ्यायची म्हटली तरी डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं एकदम मोजावं लागतं. वर निदान दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. हे पैसे कुठे ठेवायचे ते ठरवताना व्याज बघू नका. पैसे टाकल्याची खबर कुणापर्यंत पोचते, ते बघा. आणि जिवालाच धोका असेल तर पैसे साठायची वाट बघू नका, ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा.

नोकरी नसलेल्या बाईला आम्ही आधी पोस्टाचं बचत खातं सुचवतो. ५०० रुपयांत उघडतं, व्याज ४ टक्के. वर्षअखेरीला शिल्लक ५०० च्या खाली असेल तर ५० रुपये कापले जातात. आधार, पॅन आणि फोटो लागतात. एटीएम कार्ड आणि चेकबुक मागितलंच नाही तर घरी काही यायचा प्रश्न उरत नाही. घराजवळचं पोस्ट टाळा. पोस्टमन ओळखीचा असतो आणि सहज बोलून जातो. लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टात तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही. नॉमिनी म्हणून आई, बहीण किंवा मूल लावा. पासबुक घरात ठेवू नका. या खात्यातली अडचण एकच: रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पैसे निघत नाहीत.

बँकेचं खातं नोकरदार बाईला जास्त सोयीचं, पण फटी जास्त. बँक नवऱ्याच्या बँकेपेक्षा वेगळीच घ्या. मोबाईल नंबरही असा द्या, जो दुसऱ्या कुणाच्या हातात जात नाही, कारण तोच नंबर टाकून यूपीआय ॲप उघडलं की त्याला जोडलेली खाती शोधता येतात. आधारला नवऱ्याचा नंबर लावलेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर ओटीपी त्याच्याकडे जाईल. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन काम होतं, कागद लागत नाही. डेबिट कार्ड टपालाने आधारवरच्या पत्त्यावर, म्हणजे घरीच येतं; शाखेतच हातात मिळणारं, नाव न छापलेलं कार्ड मागा.

सगळ्यात जास्त बायका फसतात त्या फॉर्मवरच्या एका चौकटीत. ‘सरकारी अनुदान या खात्यात जमा करण्यास संमती’ अशा अर्थाची ती ओळ असते. काउंटरवर घाईत तिथे टिक केली जाते. मग ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये आणि गॅसचं अनुदान गुपचूप नव्या खात्यात वळतं, जुन्या खात्यातली नोंद थांबते आणि घरात विचारणा सुरू होते. सही करण्याआधी ती चौकट मोकळी आहे ना, ते स्वतः बघा. निघून गेल्यावर अनुदान वळवता येतं. पगाराचं खातंही निघायच्या महिन्यातच बदला.

एक गोष्ट पोस्ट आणि बँक दोन्हींना लागू आहे. तुमचं आयकर विवरणपत्र नवरा किंवा त्याचा सीए भरत असेल तर व्याजाची रक्कम पॅनवरून त्यांना दिसू शकते. आयकर पोर्टलचा पासवर्ड आधी स्वतःकडे घ्या.

भिशीत शिस्त लागते, पण नंबर लागेपर्यंत पैसे अडकतात. आधी उचललीत तर पुढचे हप्ते अंगावर राहतात, आणि मध्येच निघून गेलात तर बोलणाऱ्या बायका त्याच गल्लीतल्या असतात. बचत गटाचंही तसंच: पैसे तुमचे असले तरी काढायचे तर गटाला कारण सांगावं लागतं. या कामासाठी दोन्ही नकोत.

मैत्रिणीकडची रोख मोठ्या रकमेला धोक्याची, पण दोन-तीन हजार तिथे असायलाच हवेत. रात्रीची रिक्षा, मुलाचं औषध, पहिलं जेवण त्यातूनच होतं. पैशांबरोबर आधार, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स एका पिशवीत तिच्याकडेच ठेवा. दागिने हलवता आले नाहीत तर पावत्यांसकट फोटो काढा आणि ते तिच्या फोनवर पाठवून आपल्या फोनमधून पुसा. स्त्रीधन तुमचं आहे. ते परत मिळावं म्हणून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मागणी करता येते, आणि तो अर्ज तुम्ही तात्पुरत्या राहता त्या ठिकाणच्या कोर्टातही चालतो. साठवायच्या रकमेत वकिलाची फी धरू नका: उत्पन्न कितीही असो, बाईला सरकारी विधी सेवेचा वकील मोफत मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा.