फोनमधले फोटो: क्लाउडवर ठेवावेत की हार्ड डिस्कवर?

गेली काही वर्षं मी फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या जागेत, आणि हार्ड डिस्कवर असे दोन्हीकडे ठेवतोय आणि दोन्हीकडे एकेकदा हात पोळून घेतले आहेत. एकच निवडायचं असेल, तर आपले फोटो नेमके कशामुळे जातील असं वाटतं, हे आधी मनाशी ठरवा.

फोन हरवेल, चोरीला जाईल, पाण्यात पडेल, ही भीती असेल तर क्लाउडला तोड नाही. वायफाय मिळालं की फोटो आपोआप चढतात, आपल्याला आठवण ठेवावी लागत नाही. डिस्कचं घोडं इथेच पेंड खातं. ती शेवटची कधी जोडली होती हे आठवत नसेल, तर त्यानंतरचे सगळे फोटो अजून फक्त फोनमध्येच आहेत.

चूक आपल्याच हातून झाली तर मात्र डिस्क वाचवते. एका रविवारी फोनमध्ये जागा करायची म्हणून मी तीनेकशे फोटो निवडले आणि डिलीट केले. क्लाउडवर प्रत आहे, मग कसली चिंता, असा माझा हिशोब. पण सिंक चालू होतं. सिंक दोन्हीकडे सारखंच ठेवतं, त्यामुळे तिथलेही गेले. लक्षात आलं दीड महिन्यानं, आणि तेव्हा मी वापरत होतो त्या सेवेच्या ट्रॅशची, म्हणजे डिलीट केलेले फोटो जिथे काही दिवस राहतात त्या जागेची, मुदत ३० दिवसांची. आईचा आवाज असलेले दोन व्हिडिओ त्यात होते. ते परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याचा पर्याय वेगळा आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. साधं डिलीट केलं तर क्लाउडवरचाही फोटो ट्रॅशमध्ये जातो, आणि बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवसच राहतो.

डिस्कला जपावं लागतं. आत तबकडी फिरत असते, वाचणारं हेड तिच्यापासून केसाएवढ्या अंतरावरही नसतं. माझी एक डिस्क चालू असताना टेबलावरून पडली. उचलून जोडली तर आतून टक-टक-टक असा आवाज, आणि कॉम्प्युटरला ती दिसेचना. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारे भाग नसतात, त्यामुळे पडण्याचं भय कमी. पण ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो. नुसतं ठेवून द्यायचं असेल तर साधी हार्ड डिस्कच बरी. फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, एक्सफॅट निवडा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो, आणि फॅट३२ या जुन्या फॉरमॅटसारखी एका फाइलला ४ जीबीची मर्यादा नाही, मोठे व्हिडिओ अडत नाहीत.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. डिस्कचे पैसे एकदाच, क्लाउडचे कायमचे. गूगलची १५ जीबी फुकट जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे, ॲपलच्या आयक्लाउडची ५ जीबी. गूगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा दर्जा निवडलात तर मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर येतात, हेही ध्यानात ठेवा.

एक गोष्ट फार कमी जण विचारतात: उद्या सोडायचं झालं तर? डिस्कवरचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले की काम झालं. गूगल फोटोजमधून सगळं बाहेर काढायचं तर टेकआउट ही गूगलचीच डेटा उतरवून घेण्याची सोय वापरावी लागते. झिप फाइली येतात, फोटोंसोबत त्यांची माहिती असलेल्या वेगळ्या जेसन फाइली येतात, आणि तुम्ही तिथे दुरुस्त केलेल्या तारखा त्या जेसनमध्ये असतात, फोटोत नाही. ते जुळवताना माझे दोन शनिवार गेले.

महिन्यातून एकदा डिस्क जोडणं खरंच जमणार असेल, तर मी डिस्क म्हणेन. जमणार नाही हे मनातून माहीत असेल, तर आजच क्लाउड चालू करा आणि डिलीट दाबण्याआधी सिंक चालू आहे का ते बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर मी डोळे झाकून क्लाउडच चालू करून देतो. दोन्ही परवडत असेल तर रोजचे फोटो क्लाउडवर चढू द्या आणि ज्यांच्यावाचून चालणार नाही तेवढे निवडून डिस्कवर घ्या. मी आता तेच करतो.