पॉइंट द्यावेत की कॅलेंडर? एका किराणा दुकानदाराचा हिशेब

दसरा जवळ आला की दोन माणसं दुकानात हमखास येतात. एक छापखान्याचा, काखेत कॅलेंडरच्या नमुन्यांची गुंडाळी घेऊन. दुसरा बिलिंग सॉफ्टवेअरवाला, मोबाइलवर काहीतरी दाखवत. दोघांचं म्हणणं एकच : नेहमीच्या गिऱ्हाइकाची कदर करा, नाहीतर ते मार्टात जाईल. म्हणणं खोटं नाही. पण दिवाळीच्या तोंडावर माल भरून झाल्यावर हातात जे दहा-पंधरा हजार उरतात, ते नेमके कशात घालायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. माझं कराडला किराणा-भुसारचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून कॅलेंडर द्यायचो, मध्ये तीन वर्षं ते थांबवून पॉइंट दिले, म्हणजे खरेदीवर जमा होणारे आणि पुढं बिलात वळते होणारे. दोन्हींचा अनुभव आहे, म्हणून लिहितोय. तुमची पेठ वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, तेव्हा यात थोडं इकडंतिकडं धरूनच चाला.

आधी पैशाचं बोलू. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटला एक रुपया, म्हणजे एक टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. पण महिन्याला चार हजारांचा किराणा भरणारं घर वर्षाला ४८० रुपयांचे पॉइंट जमवतं. मसाल्याला, सुक्या मेव्याला ते परवडतं. साखर आणि तेलाच्या डब्यात मुळात सुटतंच किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच घराला दिलेलं कॅलेंडर, माझ्या छपाईच्या भावात, याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात बसतं. जीएसटीत मात्र पॉइंट सरस. बिलावरच सूट म्हणून दाखवले तर कर उरलेल्या रकमेवर लागतो. उलट फुकट वाटलेल्या भेटवस्तूवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कलम १७(५)(एच) खाली अडकतं. कॅलेंडर भेट की जाहिरात, यावर सीए लोक वाद घालू शकतात. मी घातला नाही, रक्कम तेवढी नव्हती.

पॉइंटचा एक गुण मी आजही मानतो. कोण यायचं बंद झालं, ते कळतं. दुसऱ्या वर्षी यादी चाळताना एक घर अडीच महिने आलंच नाही असं दिसलं. एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. सहज चौकशी केली तर कळलं, गव्हात एकदा किडे निघाले होते आणि संकोचापोटी ते बोलले नाहीत. गहू बदलून दिला, घर परत आलं. हे कॅलेंडरनं कधीच कळलं नसतं. तुमच्या दोन-तीन शाखा असतील, गल्ल्यावर माणसं बदलत असतील, गिऱ्हाईक चेहऱ्यानं ओळखीचं नसेल, तर पॉइंटचा विचार नक्की करा. मेडिकलवाले आणि कापडवाले यांनाही ते जमतं असं दिसतं.

मेसेजचं प्रकरण कुणी आधी सांगत नाही. दुकानाच्या नावानं एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांसाठीची मोबाइल कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) नोंदणी लागते, नाव मंजूर करून घ्यावं लागतं, मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात मराठीचा फटका वेगळा. इंग्रजीत एका मेसेजात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘आपल्या खात्यात अमुक पॉइंट जमा झाले आहेत, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढं लिहून खाली दुकानाचं नाव घातलं की दोन मेसेजचे पैसे. शेवटी मी इंग्रजीत पाठवायला लागलो आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी ते बँकेचं काहीतरी असेल म्हणून न वाचताच पुसले.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. मला खरा त्रास झाला तो काउंटरवरच्या एका शब्दाचा : ‘नंबर?’

पॉइंट द्यायचे म्हणजे प्रत्येक बिलाला मोबाइल नंबर विचारावा लागतो. रांगेत चार माणसं ऐकत असताना एखाद्या मुलीनं दहा आकडे मोठ्यानं सांगायचे, हे मलाच बरं वाटेना. घरातले तिघं तीन नंबर सांगणार, पॉइंट तीन ठिकाणी फुटणार, आणि सणाला वहिनी येऊन विचारणार, ‘आमचे एवढेच कसे?’ पॉइंटची मुदत ३१ मार्चला संपायची. एप्रिलचा पहिला आठवडा मी नुसता खुलासे देण्यात घालवायचो. म्हणजे आभार मानायला काढलेली योजना, आणि तिच्यावरनं भांडणं मी सोडवतोय.

डिसेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट. काउंटरला सात-आठ माणसं, गल्ल्यावर नवीन मुलगा. पलीकडच्या बोळातल्या आजी आल्या, अर्धा किलो साबुदाणा, शेंगदाणे, गुळाची लहान ढेप. मुलानं सवयीनं विचारलं, ‘नंबर?’ आजींना नंबर पाठ नाही. त्यांनी पिशवीतून छोटी डायरी काढली, मग चष्मा शोधला, मग एकेक आकडा वाचायला लागल्या. मागचा माणूस सुट्टे पैसे खुळखुळवत उभा. शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं नाव आलं. ‘परत सांगा,’ मुलगा म्हणाला. आजींनी डायरी मिटली आणि माझ्याकडं बघितलं. ‘अरे, तुझ्या वडलांनी मला कधी नावसुद्धा विचारलं नाही. आणि तू नंबर विचारतोस होय?’

बिल ३४० रुपयांचं होतं. तीन पॉइंट. तीन रुपयांसाठी मी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही दुकानदारांना बजावलं होतं, की नंबर दिल्याशिवाय माल किंवा बिल देणार नाही असं करू नका. आम्ही सक्ती कधीच करत नव्हतो. पण काउंटरवर विचारणं आणि सक्ती यातला फरक वयस्कर माणसाला कळेलच असं नाही. वर त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. सातशे-आठशे लोकांचे नंबर, त्यांच्या घरात काय-काय जातं याच्या नोंदीसकट, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून आहेत, हे आठवून मला दडपणच यायचं. दुसऱ्या कुणाला नसेल येत.

आता कॅलेंडर. त्याची खोडही सांगतो. घरात खिळा एक आणि कॅलेंडरं पाच. पतसंस्था देते, विमा एजंट देतो, सराफ देतो, मेडिकलवाला देतो, आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर नगरसेवकही देतो. पंधरा डिसेंबरनंतर दिलेलं कॅलेंडर पुस्तकांना कव्हर घालायला जातं. त्यामुळं दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, डिसेंबर उजाडताच पोचवायचं. दोन, निसर्गचित्रांचं गुळगुळीत कॅलेंडर घ्यायचं नाही. ज्यात तिथी, सण आणि संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ आहे तेच घ्यायचं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं तेव्हापासून मराठी घराला भिंतीवर पंचांग बघायची सवय लागली आहे, आणि खाली दुकानाचं नाव छापायच्या पट्टीची सवय आम्हा दुकानदारांना. नुसतं सूर्यास्ताचं चित्र त्याच्यापुढं टिकत नाही.

त्या पट्टीचं मोल मला एका घरी तेलाचा डबा पोचवायला गेलो तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आमचं कॅलेंडर होतं. चौकटीचौकटीत पेन्सिलीनं दुधाचा हिशेब : एक, एक, अर्धा, खाडा. अठरा तारखेला ‘गॅस लावला’. सव्वीसला ‘बाई नाही’. महिन्याच्या खाली दुधाची बेरीज, आणि तिच्याखाली बरोबर आमचं नाव आणि फोन. त्या घराची यादी आता व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पण नंबर त्यांनी त्या पट्टीवरूनच घेतला होता. पॉइंटचा मेसेज असा कुणाच्या स्वयंपाकघरात वर्षभर राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. अर्थात माझं पाहणं दहा-बारा घरांपुरतं.

मिठाईचा बॉक्स हा तिसरा मार्ग बरेच जण सुचवतात. मी एकदाच केला. गल्लीत कुणाला अर्धा किलो गेला आणि कुणाला पाव, ही बातमी लाडूंच्या आधी पोचते. लक्ष्मीपूजनाला दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवावा, तेवढं पुरतं.

मग मी काय केलं? कॅलेंडर पुन्हा सुरू केलं. साडेतीनशे नग, ऑर्डर दसऱ्याच्या आधी, कारण नंतर छापखाना पट्टीतल्या चुका दुरुस्त करून देत नाही (एका वर्षी आमच्या फोनचा एक आकडा गळाला होता आणि साडेतीनशे कॅलेंडरांवर तो मी हातानं लिहिला). पोरांच्या हाती वाटायला देत नाही. संध्याकाळी दुकान लवकर मिटून आठवडाभर स्वतः घरोघर जातो. चहा फार होतो. पण गव्हातले किडे, तुरीची डाळ शिजत नाही, पोह्यांचा चुरा होतो, हे सगळं त्या आठवड्यात ऐकायला मिळतं. पॉइंटचा जो गुण मी वर सांगितला, तो असा थोडाफार भरून निघतो. दूरच्या वसाहतीतल्या गिऱ्हाइकांपर्यंत मात्र मी पोचत नाही, तिथं पॉइंटवाला जिंकेल.

नंबर आता घरपोच माल हवा असेल तरच विचारतो.

आणि समजा पॉइंट चालू असतील व बंद करायचे ठरवलंत, तर शिल्लक आधी फेडा. मी महिनाभर आधी दारावर पाटी लावली आणि ज्याचे जेवढे उरले होते तेवढ्याची साखर दिली. तरी एक गृहस्थ गावाला गेले होते, ते राहिले. त्यांचे सदतीस पॉइंट होते. अजून दर महिन्याला बिल देताना ते हसत विचारतात, ‘माझे सदतीस?’ दोनदा साखर पुढं केली, घेत नाहीत.